१३ बाया, ७ जागा आणि ८६,४८,६४० : हा आकडा आहे तरी कसा?

धुऱ्यावरचा (ता. राळेगाव, जि. यवतमाळ)

नमस्कार मंडळी. प्रश्न गणिताचा आहे, पण निघाला वावरातून, म्हणून आधी वावराचं सांगतो.

आमच्याकडे कापसाची वेचणी सुरू आहे. बाया शेजारच्या गावातून येतात, तेरा जणी. त्यांना आणायला काळीपिवळी लावली आहे. एरवी तेराही जणी एकाच खेपेत दाटीवाटीनं बसतात. परवा रस्त्यावर तपासणी आहे असं ऐकून ड्रायव्हर अडला, "सातच घेतो, बाकीच्या दुसऱ्या खेपेला." झालं! पहिल्या खेपेला कोण, खिडकीशी कोण, पुढं कोण, यात वीस मिनिटं गेली. माझी पोरगी अकरावी सायन्सला आहे. रविवार होता म्हणून वजनाची वही घेऊन सोबत आली होती. ती म्हणाली, "बाबा, तेरा जणींना सात जागांवर बसवायचे प्रकार किती होतात, सांगू?" आणि वहीच्या शेवटच्या पानावर मांडलं. पहिल्या जागेवर तेरापैकी कोणीही, दुसरीवर उरलेल्या बारापैकी, असं करत करत:

१३ × १२ × ११ × १० × ९ × ८ × ७ = ८६,४८,६४०

शहाऐंशी लाख! मी दोनदा कॅल्क्युलेटरवर करून पाहिलं, तेवढेच आले.

दुपारी कडुलिंबाला काटा टांगलेला, गाठोडी यायला वेळ होता. आम्ही बापलेक त्या आकड्याला एकेक भाग देत बसलो. २ नं गेला, ३ नं गेला, ४, ५, ६... करत १६ पर्यंत निःशेष. १७ ला अडला. आता माझी शंका अशी, की गुणाकारात सगळ्यात मोठा आकडा १३ होता. मग १४, १५, १६ नं भाग कसा गेला? आणि ते गेले तर १७ नं काहून नाही?

दुसरं, शाळेत मूळ संख्या, संयुक्त संख्या असं शिकलो होतो. पोरगी म्हणते याच्या पुढं खूप प्रकार आहेत. हा आकडा कशाकशात बसतो ते जाणकारांनी सांगावं.


गुरुजी_दारव्हा

फार छान प्रश्न. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौतीस वर्षं गणित शिकवलं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

कोणताही आकडा म्हणजे बांधलेलं गाठोडं समजा. गाठ सोडली की आत फक्त मूळ संख्या निघतात, आणि त्या किती नि कोणत्या हे कोणीही सोडलं तरी तेच येतं. तुमचे सात आकडे एकेक करून सोडू.

७ : एक सात
८ : तीन दोन
९ : दोन तीन
१० : एक दोन, एक पाच
११ : एक अकरा
१२ : दोन दोन, एक तीन
१३ : एक तेरा

आता ढीग लावा. दोन किती झाले? तीन, एक आणि दोन, म्हणजे सहा. तीन झाले तीन. पाच, सात, अकरा आणि तेरा प्रत्येकी एक. पुढचं सगळं या ढिगावरून कळतं. १४ ला काय लागतं? एक दोन आणि एक सात. दोन्ही आहेत. १५ ला तीन आणि पाच, आहेत. १६ ला चार दोन लागतात, आपल्याकडे सहा आहेत. म्हणजे १६ आकडा म्हणून गुणाकारात नव्हता, पण त्याचे तुकडे ८, १० आणि १२ मध्ये विखुरलेले होते. १७ मात्र स्वतःच मूळ आहे, त्याचे तुकडे होत नाहीत. तो अख्खाच असावा लागतो, आणि तो नाही.

आता लेकीला विचारा : ३२ नं जाईल का? ६४ नं? १२८ नं? आणि २५ नं का नाही जाणार? भागाकार न करता सांगायला लावा.


धुऱ्यावरचा

गुरुजी, तिनं वाचून लगेच सांगितलं. ३२ आणि ६४ नं जाईल, १२८ नं नाही, कारण सातवा दोन नाही. २५ ला दोन पाच लागतात, एकच आहे. म्हणून ४९ नंही नाही.

तुकडे विखुरलेले होते, हे मला एकदम पटलं. इतकी वर्षं भागाकार करतो, पण आकड्याच्या पोटात असं पाहिलं नव्हतं.


पराटी

बापा! आम्ही त आजवर आकडा म्हणजे काटापट्टीवरचा तेवढाच पाह्यला. सोडून पाह्यला त आत येवढं निंघते व्हय?


मूर्तिजापूरकर

गुरुजींचा ढीग वापरून पुढची गोष्ट. या आकड्याला एकूण विभाजक किती?

विभाजक बनवायचा म्हणजे ढिगातून काही तुकडे उचलायचे. दोन उचलायचे तर एकही नाही, एक, दोन... सहापर्यंत, असे ७ पर्याय. तीनचे ४ पर्याय. पाच, सात, अकरा, तेरा यांचे प्रत्येकी २, घ्या नाहीतर सोडा. म्हणजे ७ × ४ × २ × २ × २ × २ = ४४८.

चारशे अठ्ठेचाळीस विभाजक! आणि ८६,४८,६४० च्या खालच्या एकाही संख्येला इतके विभाजक नाहीत. असा मान फार थोड्या संख्यांना मिळतो. त्यांना हायली काँपोझिट नंबर म्हणतात, मराठीत अतिसंयुक्त म्हणू. याच्या आधीची अशी संख्या ७२,०७,२०० आहे, तिला ४३२ विभाजक. नंतरची १,०८,१०,८००, तिला ४८०.

या संख्यांचा पहिला खोल अभ्यास श्रीनिवास रामानुजन यांचा. १९१५ साली त्यांचा या विषयावरचा मोठा निबंध प्रसिद्ध झाला आणि त्याच कामावर १९१६ मध्ये केंब्रिजनं त्यांना पदवी दिली. तुमच्या काळीपिवळीतून निघालेला आकडा थेट त्या यादीत आहे. मला हे लिहितानाही आनंद होतोय.


पुसद_ते_पुणे

जरा वेगळं मत मांडतो. वाद नेमका कशावर होता? पहिल्या खेपेला कोण जाणार एवढ्यावरच असेल तर उत्तर ८६ लाख येत नाही. कोणती बाई कोणत्या जागेवर हे सोडून द्या, फक्त सात जणी निवडा, तर १,७१६ च प्रकार होतात. निवडलेल्या सात जणी आपापसात ५,०४० प्रकारे बसतात, आणि १,७१६ × ५,०४० = ८६,४८,६४०.


धुऱ्यावरचा

दादा, वाद दोन्हीचा होता. खिडकीची जागा म्हणजे काय ते सकाळच्या गारव्यात काळीपिवळीत बसल्याशिवाय नाही कळणार. खिडकी बंद होत नाही, म्हणून तिथं कोणालाच बसायचं नसते! त्यामुळं ८६ लाखच धरा.


ढोरकाम_ते_डॉटकॉम

५,०४० वरून आठवलं. ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोनं आदर्श नगरात ५,०४० कुटुंबं असावीत असं सुचवलं होतं. कारण हेच, वाटण्या करायला सोपं. १ ते १० सगळ्यांनी भाग जातो, १२ नंही जातो. जमीन वाटा, कामं वाटा, शिल्लक काही उरत नाही.


वर्धेची_ताई

वाटणीवरून मी "परिपूर्ण" चा प्रश्न घेते.

स्वतःला सोडून बाकी विभाजकांची बेरीज बरोबर स्वतःएवढी आली तर ती परिपूर्ण संख्या. ६ चं पाहा, १ + २ + ३ = ६. मग २८, ४९६, ८१२८ आणि त्यानंतर एकदम ३,३५,५०,३३६. बेरीज कमी पडली तर न्यून, जास्त झाली तर विपुल.

आपला आकडा विपुल आहे हे ४४८ विभाजक न मांडताही दिसतं. वावराचे हिस्से करतो तसं करा. अर्धा हिस्सा ४३,२४,३२०. तिसरा हिस्सा २८,८२,८८०. चौथा हिस्सा २१,६२,१६०. हे तीनच विभाजक जोडले तर ९३,६९,३६० होतात, म्हणजे तिथंच मूळ आकडा ओलांडला. सगळे जोडले तर ३,२३,१६,४८०, पावणेचार पटीच्या जवळ.

शिकवणीतल्या मुलांना मी नेहमी सांगते की आजवर सापडलेल्या सगळ्या परिपूर्ण संख्या सम आहेत. विषम परिपूर्ण संख्या असते की नाही हे अजून कोणालाच सिद्ध करता आलेलं नाही. आठवीच्या मुलाला समजणारा प्रश्न, आणि उत्तर जगात कोणाकडे नाही!


संत्रामंडी

माझी एक भर. ज्या आकड्याला १ ते १६ सगळ्यांनी भाग जातो त्यात १ मिळवला की मूळ संख्या मिळते. कारण मग कशानंच भाग जात नाही, १ बाकी उरतो. म्हणजे ८६,४८,६४१ ही मूळ संख्या आहे.


पुसद_ते_पुणे

संत्रामंडी, थांबा. २, ३, ५, ७, ११, १३ नं भाग जात नाही एवढंच सिद्ध झालं. त्यापेक्षा मोठ्या मूळ संख्येनं जाऊ शकतो. २९ नं करून पाहा.

२९ × २,९८,२२९ = ८६,४८,६४१.


संत्रामंडी

केलं. खरंच जातो. पण मग युक्लिडनं मूळ संख्या अनंत आहेत हे असंच सिद्ध केलं होतं ना? सगळ्या मूळ संख्या गुणा आणि एक मिळवा.


गुरुजी_दारव्हा

संत्रामंडी, तुमची शंका मोलाची आहे. ही चूक माझ्या वर्गात दर वर्षी व्हायची. युक्लिडचं म्हणणं असं आहे की एक मिळवल्यावर येणाऱ्या संख्येला जो मूळ विभाजक असेल तो तुमच्या यादीतला नसतो. ती संख्या स्वतःच मूळ असते असं तो म्हणत नाही. २ × ३ × ५ × ७ × ११ × १३ + १ = ३०,०३१ करा. ते ५९ × ५०९ आहे. दोन्ही यादीबाहेरचे, म्हणजे नवीन मूळ संख्या मिळाल्याच. आपल्याकडेही तेच झालं, २९ यादीत नव्हता.


वऱ्हाडी_वांगं

आणि एक कमी केला तर? ८६,४८,६३९?


वर्धेची_ताई

याचं उत्तर तोंडी देता येतं, आणि मला ही युक्ती फार आवडते म्हणून नीट सांगते.

आकडा उजवीकडून तीन-तीन अंकांत तोडा : ८ | ६४८ | ६४०.

पहिली युक्ती. एक आड एक वजा-अधिक करा : ६४० − ६४८ + ८ = ०. शून्य आलं म्हणजे १००१ नं भाग जातो, आणि १००१ = ७ × ११ × १३. एकाच झटक्यात तिन्ही तपासले. खरंच ८,६४० × १००१ करून पाहा : ८६,४०,००० मध्ये ८,६४० मिळवायचे. आला की नाही आपला आकडा?

दुसरी युक्ती. तेच तीन तुकडे नुसते जोडा : ८ + ६४८ + ६४० = १,२९६. हे ९९९ साठी चालतं, आणि ९९९ = २७ × ३७. १,२९६ ला २७ नं भाग जातो, म्हणून आपल्या आकड्यालाही जातो. ३७ नं भागलं तर १ बाकी उरते, कारण ३७ × ३५ = १,२९५. म्हणजे आपल्या आकड्यातून १ काढला की ३७ नं जाणार. ३७ × २,३३,७४७ = ८६,४८,६३९. तोही मूळ नाही!

एकीकडे २९, दुसरीकडे ३७. दोन्ही शेजारी संयुक्त.


पराटी

ताई, हे वाचून म्या आमच्या धाकट्याले बसोलं. त्याच्या वहीत मोबाईल नंबरं तीन-तीनचे तुकडे करून तपासनं सुरू आहे. आईचा १३ नं गेला मनते.


उपयोग_काय

सगळ्यांचा आदर ठेवून विचारतो. कापसाला भाव नाही, वेचायला बाया मिळत नाहीत, आणि आपण आकड्याचे तुकडे मोजतोय. पोरांना यातून काय मिळणार?


धुऱ्यावरचा

भाऊ, भावाचं दुखणं माझंही तेच आहे. मागच्या वर्षी एका ठिकाणी ओलावा जास्त दाखवून माझी अख्खी गाडी परत पाठवली होती, ते दोन दिवस मी विसरलो नाही. पण परवा दुपारी त्या झाडाखाली पोरगी आणि मी तासभर एका आकड्यावर बोलत बसलो, ते मला हवं होतं. ती मोठी झाल्यापासून आमच्यात इतकं बोलणं झालं नव्हतं.


मूर्तिजापूरकर

उपयोगाचं थोडं मी सांगतो. सगळ्यांच्या खिशात आधार कार्ड आहे. बारा अंकांतला शेवटचा अंक आधीच्या अकरांवरून गणितानं काढलेला असतो. पद्धत व्हरहूफ नावाच्या डच गणितज्ञाची, १९६९ ची. एखादा अंक चुकीचा टाकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले, तर हिशेब जुळत नाही आणि चूक जागच्या जागी पकडली जाते. पोरगा आज तीन-तीनचे तुकडे करतो, उद्या असलंच काही तोच बनवेल.


उपयोग_काय

मान्य. धुऱ्यावरचा, तुमचं उत्तर जास्त पटलं.


आजोबा_चिखली

मी एकोणऐंशी वर्षांचा. नातवानं हा धागा वाचून दाखवला, मी सांगतो तसं तो टाइप करतो आहे.

आमच्या लहानपणी रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै. म्हणजे रुपयाच्या १९२ पै. आम्ही पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असं सगळं पाठ म्हणायचो. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. रुपया आणि आणे असे का ठेवले होते? कारण अर्धा, पाव, अर्धपाव, तिसरा हिस्सा, काहीही करा, तुटत नव्हतं. १०० ला तीनांत वाटा बरं!

तर या आकड्याचा हिशेब मी माझ्या पद्धतीनं केला. ८६,४८,६४० पै म्हणजे किती रुपये? बरोबर ४५,०४५ रुपये. एक पैही वर नाही. शिवाय ४५,०४५ आकड्यात ४५ दोनदा दिसतो, मध्ये शून्य. नातू हसतो आहे, पण मला हा आकडा सुंदर वाटला.


वर्धेची_ताई

आजोबा, नमस्कार. १९२ म्हणजे सहा दोन आणि एक तीन. गुरुजींच्या ढिगातले सगळेच्या सगळे दोन तुमच्या रुपयानं घेतले, म्हणूनच ४५,०४५ विषम आला.


गुरुजी_दारव्हा

आपल्या माणसाचं नाव अजून कसं कोणी घेतलं नाही? दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. १९०५ साली डहाणूला जन्म, देवळालीच्या शाळेत मास्तर. पीएच.डी. नाही, मोठं पद नाही. संख्यांचे नवे नवे प्रकार शोधणं हाच ध्यास. त्यांचे प्रकार लावून पाहू.

हर्षद संख्या : अंकांच्या बेरजेनं भाग गेला पाहिजे. ८+६+४+८+६+४+० = ३६. भागून २,४०,२४०. गेला. हर्षद आहे.

स्वयंभू संख्या : एखादी संख्या घ्या, तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा, नवी संख्या येते. जुनी ही नवीची जनक. जिला असा जनकच नाही ती स्वयंभू. आपला आकडा तपासू. ८६,४८,६०४ घ्या, अंकांची बेरीज ३६, मिळवा, ८६,४८,६४०. म्हणजे जनक सापडला, स्वयंभू नाही.

पण मी थांबलो नाही, मागं मागं जात राहिलो. ८६,४८,५९५ घ्या. बेरीज ४५. मिळवा. पुन्हा ८६,४८,६४०!

दोन वेगळ्या संख्या येऊन एकाच ठिकाणी मिळतात. अशा संख्येला कापरेकरांनी नाव दिलं होतं जंक्शन. सर्वांत लहान १०१ आहे, कारण ९१ + १० आणि १०० + १. आपला आकडा जंक्शन निघेल अशी मला कल्पना नव्हती. रात्री साडेदहाला हे सापडलं आणि मी घरात सगळ्यांना उठवून सांगितलं.


मूर्तिजापूरकर

गुरुजी, जंक्शन म्हटल्यावर मला बोलावंच लागेल! आमच्या मूर्तिजापूरला एका बाजूनं अचलपूरची आणि दुसऱ्या बाजूनं यवतमाळची शकुंतला यायची. नॅरोगेजची छोटी गाडी, मोठ्या लाईनीच्या शेजारी येऊन थांबायची. आईच्या माहेरी जायचो तेव्हा उतरून खाली रुळाला हात लावून पाहायचो. आता ८६,४८,६०४ अचलपूरहून आणि ८६,४८,५९५ यवतमाळहून येतेय असंच दिसतं मला.


वऱ्हाडी_वांगं

कापरेकरांचा ६१७४ पण घ्या. चार अंक, सगळे सारखे नकोत. मोठ्याकडून लहान असे लावा, उलटे करून वजा करा, पुन्हा तेच. शेवटी ६१७४ येतोच. १९४९ मध्ये त्यांना हे सापडलं.

आपल्या आकड्याचे पहिले चार अंक ८६४८ घेतले.
८८६४ − ४६८८ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४
दोन पायऱ्यांत घरी!


पुसद_ते_पुणे

आणखी एक प्रकार, आनंदी संख्या. अंकांचे वर्ग जोडत जायचे, शेवटी १ आला तर आनंदी. आपला : ६४+३६+१६+६४+३६+१६+० = २३२. मग १७, ५०, २५, २९, ८५, ८९, १४५, ४२, २०, ४, १६, ३७, ५८ आणि पुन्हा ८९. गोल फिरत राहतो, १ येत नाही. आनंदी नाही.


वर्धेची_ताई

हर्षद म्हणजे हर्ष देणारी. दुसऱ्याला आनंद देते, स्वतः मात्र आनंदी नाही. धुऱ्यावरचा, तुमच्या वेचणाऱ्या बायांसारखीच म्हणायची. आठ-आठ तास वाकून दुसऱ्याची गाठोडी भरतात.


धुऱ्यावरचा

ताई, हे वाचून थोडा वेळ काही लिहिता आलं नाही. यंदा संध्याकाळी परत सोडायची गाडी माझ्याकडून असते, पण त्यानं काय होते.

लेकीकडून एक भर. हा आकडा पूर्ण वर्ग नाही, कारण ३, ५, ७, ११, १३ हे विषम वेळा आलेत. जोड्या पूर्ण करायच्या तर तेच एकेकदा आणखी हवेत, म्हणजे १५,०१५ नं गुणायचं. आणि ८६,४८,६४० × १५,०१५ हा बरोबर ३,६०,३६० चा वर्ग येतो. तिनं फोनवर नाही, वहीत करून काढलं, पानभर गुणाकार आहे.


गोंदियाचा_धान

शंभर कोटीच्या आतले सगळे आकडे आता मला लहान वाटायला लागलेत. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये सापडलेली मूळ संख्या, २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १. तिच्यात अंकच ४,१०,२४,३२० आहेत. लिहायला घेतली तर आमच्या धानाच्या बांध्या भरतील.


गुरुजी_दारव्हा

पण तिचं पोट उघडायला गेलं तर आत काही नाही, ती एकटीच. आपल्या सात अंकांच्या आकड्यात ४४८ जण राहतात.


ढोरकाम_ते_डॉटकॉम

मूळ प्रश्नाकडे येतो, काळीपिवळीच्या. समजा बायांनी ठरवलं की एकदा सगळे प्रकार बसून पाहायचे. एका प्रकाराला एक मिनिट. किती दिवस लागतील? दिवसाची १,४४० मिनिटं. ८६,४८,६४० ÷ १,४४० = ६,००६ दिवस. बाकी शून्य. सोळा वर्षं आणि वर १६२ दिवस.

अकरावीची मुलगी म्हणजे सोळाच्या आसपासच असेल ना?


धुऱ्यावरचा

हे वाचलं आणि पोरीचा जन्मदाखला काढला. २० जून २००९. त्या वर्षी पाऊस लांबलेला, पेरणी खोळंबलेली, आणि मी आरोग्य केंद्राच्या ओट्यावर रात्रभर आभाळ पाहत बसलो होतो.

२० जून २०२५ ला सोळा पूर्ण. पुढं १६२ दिवस मोजले, मग तिनं मोजले, मग तिच्या आईनं कॅलेंडरवर बोट ठेवून मोजले. २९ नोव्हेंबर. म्हणजे येता शनिवार.


आजोबा_चिखली

जन्मवेळ किती?


धुऱ्यावरचा

पहाटे ४ वाजून १० मिनिटं. ६,००६ दिवस पूर्ण येतात, म्हणजे शनिवारी पहाटे ४.१० लाच तिची ८६,४८,६४० मिनिटं भरतील. ती म्हणते उठवा. तिची आई म्हणते झोपू द्या, दिवसभर वजनं लिहायची आहेत.


वर्धेची_ताई

उठवा हो! आणि शनिवारची गाडी कशी ठरली?


धुऱ्यावरचा

उठवतो. शनिवारी दोन गाड्या सांगितल्या, सात-सात जागा. तेरा बाया, चौदा जागा, एक मोकळी राहील, तिथं पाण्याची कॅन. पोरीला सांगितलं तर ती पुन्हा वही घेऊन बसली. आता तिनं मांडलेला आकडा ८७,१७,८२,९१,२०० आहे, आणि शेवटच्या पानावर जागा संपली म्हणून पुठ्ठ्यावर लिहिलाय.